बदललेली तबकडी

दुसऱ्याच्या सुखासाठी बोललेले खोटे हे खोटे नव्हेच, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. दुखणाईताला त्याच्या दुखण्याचे खरे नाव आपण सांगत नाही. म्हाताऱ्या आईला धाकट्याची नोकरी गेल्याचे कळू देत नाही. आणि हे सारे करताना मनाला टोचणी लागण्याऐवजी उलट थोडीशी पुण्याई पदरी पडल्यासारखे वाटते. मीही ही समजूत जन्मभर बाळगली. गेल्या दिवाळीत तळहातावर मावणाऱ्या एका यंत्राने ती मोडली. कशी मोडली ते सांगायचे, तर आधी माझा एक अपराध कबूल केला पाहिजे.

माझा थोरला भाऊ एकोणऐंशी वर्षांचा आहे. वहिनी जाऊन नऊ वर्षे झाली. गिरगावातल्या आमच्या जुन्या घरात दादा, मी आणि माझी पत्नी अशी तीन माणसे राहतो. दादाच्या उशाशी एक आयपॉड असतो. २००६ साली त्याच्या मुलाने तो आणून दिला. आज ज्यांचे गाणे फोनमधून, आणि फोनमध्येही कुठून तरी आकाशातून येते, त्या तरुण वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की, अ‍ॅपल कंपनीने २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड पुढे आणला तेव्हा त्याची सारी नवलाई साठवणीत होती. तोशिबा कंपनीने केलेल्या १.८ इंची हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या एका चिमुकल्या तबकडीत, ५ जीबी मावले आणि सुमारे हजार गाणी खिशात घालून हिंडता येऊ लागले. १९५६ साली आयबीएमने या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले होते. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते, आणि एवढा खटाटोप करून त्यात सुमारे ५० लाख अक्षरे राहत. दादाच्या आयपॉडात त्याच कुळातली, पण ३० जीबीची तबकडी होती. हे कूळ आता खुंटले आहे. तबकडीवर चालणारा शेवटचा आयपॉड २०१४ साली बंद झाला, आणि मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉडचा सगळाच पसारा आवरता घेतला.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. दादा चौपाटीवर फिरायला गेला होता आणि मी त्याच्या खोलीतली फडताळे पुसत होतो. आयपॉड हाती लागला. पुसून जागच्या जागी ठेवला असता, तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. मी तो कानाला लावला. आणि नुसता लावला नाही, तर चाळला. कोणते गाणे किती वेळा शेवटपर्यंत ऐकले याची नोंद हे यंत्र मुकाट्याने ठेवीत असते आणि सर्वांत अधिक ऐकलेल्या पंचवीस गाण्यांची एक यादी आपोआप तयार करते. दुसऱ्याची रोजनिशी उघडू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. पण अशी यादी म्हणजे रोजनिशीच, हे कोणी शिकवलेले नसते. मी ती उघडली.

दादा हा ख्यालाचा कडवा भक्त. 'भावगीत' हा शब्दसुद्धा तो नाक मुरडल्याशिवाय उच्चारीत नाही. यादीच्या शिरोभागी मल्लिकार्जुन मन्सूर असणार याविषयी माझी पैज होती. तिथे होते माणिक वर्मांचे एक भावगीत. दुसरे आणि तिसरेही त्यांचेच. मन्सूर चौथे. मला हसू फुटले. हसता हसता हात हलला, आणि चालू यंत्र फरशीवर आपटले.

उचलून कानाशी धरले तर आतून टक्-टक् असा आवाज येत होता. गाणे थांबले होते. ही तबकडी चालू असताना मिनिटाला ४२०० फेऱ्या घेते, आणि तिच्यावरचे वाचणारे शीर्ष तिला न टेकता हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगत असते की, त्या फटीपुढे माणसाचा केससुद्धा तुळईसारखा वाटावा. ते शीर्ष टेकले की लेपावर ओरखडा उठतो. ज्या संगणकावरून पुतण्याने गाणी भरून दिली होती तो केव्हाच भंगारात गेला होता. तेव्हा जे काही होते ते त्या ओरखडलेल्या लेपावरच होते.

दादा परत आला तेव्हा मी म्हणालो, "याची बॅटरी गेलेली दिसते. दाखवून आणतो."

लॅमिंग्टन रोडवर, आमच्या घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, असल्या जुन्या यंत्रांची कणव असलेले एक दुकान आहे. तिथल्या तरुण कारागिराने प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवून यंत्र उघडले. पुढचा पांढरा भाग आणि मागची पोलादी पाठ एकमेकींपासून अलगद सुटल्या, तरी दोन नाजूक फितींनी जोडलेल्या राहिल्या. एक बॅटरीची आणि दुसरी कानाच्या तारेच्या खाचेची. घाईने ओढणारा माणूस त्या इथेच तोडतो, असे तो म्हणाला. आत कोपऱ्यांना रबराच्या गाद्या घालून निजवलेली तबकडीची डबी होती. त्याने ती संगणकाला जोडून पाहिली. संगणकाने ओळखच दिली नाही.

"दुसऱ्या मोडक्या यंत्रातली जुनी डिस्क मिळेल," तो म्हणाला, "पण तीही म्हातारीच. त्यापेक्षा जोडपट्टी टाकून कार्ड बसवू. यात काही फिरत नाही, म्हणून पडलं तरी बिघडायची धास्ती नाही."

काम चालू असता त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. या यंत्रात गाणी साठतात ती त्यांच्या नावांनी नव्हे. लपवलेल्या कप्प्यांत, चार-चार निरर्थक अक्षरांची नावे देऊन ती ठेवलेली असतात. गाण्याचे नाव, गाणारा, आणि किती वेळा, शेवटी केव्हा ऐकले हा हिशेब, हे सारे निराळ्या चोपडीत. मी ते ऐकले आणि चरकलो. गाणी परत मिळणार होती. ज्यांवरून ती उतरवली त्या सीडी कपाटात होत्या. परत मिळणार नव्हती ती चोपडी. लक्ष्मीपूजनाला चार दिवस उरले असता मी माझ्या भावाची अठरा-एकोणीस वर्षांची चोपडी बुडवली होती.

त्या चार रात्री, दादा झोपला की मी सीडीमागून सीडी संगणकावर उतरवून नव्या कार्डात भरीत होतो. माणिकबाईंची गाणी भरावी की न भरावी, असा एक चमत्कारिक पेच मला पडला. भरली तर मी यादी पाहिल्याचे उघड होईल असे वाटे. न भरली तर ती चोरी होती. शेवटी मी ती इतर शंभर गाण्यांत मिसळून टाकली. यंत्र बंद केले. पाठीवरचे ओरखडे तेच, चक्रावरचा झिजून आलेला गुळगुळीतपणा तोच. पाडव्याच्या सकाळी ते दादाच्या हाती दिले. त्याने अंगठा चक्रावरून फिरवला, मन्सूरांचा एक राग लावला आणि म्हणाला, "झालं की छान."

मनाला टोचणी होती. पण शिकलेल्या माणसाजवळ टोचणीवर लावायला औषधे पुष्कळ असतात. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? एकेक भाग दूर सारीत तो दाखवतो की, या सर्वांच्या जुळणीला आपण व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ. तोच ग्रंथ रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचाही दाखला देतो: पहिल्या प्रहरीची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते, आणि तरीही दिवा एकच असतो. दिवाळीच्या दिवसांत हे वाचताना मला फार दिलासा वाटला. शिवाय आमच्या घरात मिरजेचा एक तंबोरा आहे. त्याच्या तारा किती वेळा बदलल्या आणि जवारी किती वेळा लावून आणली याची गणती नाही. तरी तो आजोबांचाच तंबोरा. तार बदलली म्हणून तंबोरा बदलत नाही, मग तबकडी बदलली म्हणून आयपॉड कसा बदलेल?

तार आणि तबकडी यांत एक फरक आहे, हे मला दिसत होते. तारेला काल वाजवलेले आठवत नाही. तबकडी म्हणजे आठवणच. रथाचे चाक बदलणे निराळे आणि सारथ्याला ठाऊक असलेल्या वाटा पुसून टाकणे निराळे. पण एखादी गोष्ट दिसणे आणि ती पाहणे यांतही अंतर असतेच. मी ती पाहिली नाही.

जानेवारीत दादाला नेहमीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे नेले. त्याला वीस-बावीस वर्षांचा मधुमेह आहे, आणि त्यापायी तळपाय बधिर झाले आहेत. डॉक्टरांनी सवयीने विचारले, "आणखी काही?"

दादा थोडा घुटमळला. मग म्हणाला, "पायांचं झालं तेच आता हातांचं होतंय. दिवाळीपासून बोटांतली जाणीव गेलीय."

मला हे नवीन होते. पण त्याच क्षणी आठवले की, गेले दोन महिने दादा घरी दाढी करीत नव्हता. सलूनमध्ये जात होता. मी कारण विचारले तेव्हा 'कंटाळा' म्हणाला होता. ब्लेड धरायची त्याला भीती वाटत होती.

डॉक्टरांनी खणातून एक नादकाटा काढला, वाजवला आणि त्याची दांडी दादाच्या तर्जनीच्या सांध्यावर टेकवली. मधुमेहाने मज्जातंतू बोथटले आहेत का, हे पाहण्याची ही जुनी रीत आहे; काटा सेकंदाला १२८ कंपने घेतो, आणि ज्याचे तंतू शाबूत असतात त्याला ती थरथर हाडापर्यंत जाणवते.

"कळतंय?"

"कळतंय."

"आता?"

"थांबली."

दोन्ही हातांची बोटे तपासून डॉक्टर म्हणाले, "हात उत्तम आहेत तुमचे. शंका का आली?"

"मग आयपॉडची थरथर का लागत नाही?" दादा म्हणाला. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

ही यंत्रे गाणे थेट तबकडीवरून वाजवीत नसत. तबकडी सतत फिरली तर बॅटरी लवकर संपते. म्हणून ती मधूनच जागी होऊन पुढची चार-सहा गाणी एकदम उचलून एका छोट्या स्मृतिकोशात ठेवी आणि पुन्हा थांबे. ती जागी झाली की सेकंदाला सत्तर फेऱ्यांची बारीक थरथर पोलादी पाठीतून तळहातात उतरे. एखादे मांजर झोपेत घुरघुरावे तशी. दादा रात्री दिवा मालवून यंत्र मुठीत धरून ऐकतो. अठरा वर्षे ती थरथर त्याच्या मुठीत होती. पाडव्यापासून ती नाहीशी झाली. कार्डात काही फिरत नाही. यंत्र तर दुरुस्त होऊन आलेले, गाणे सुरेल चाललेले. तेव्हा दोष आपल्याच हातात असला पाहिजे, असा सरळ निष्कर्ष त्या सज्जन माणसाने काढला. त्याच्याजवळ असलेल्या माहितीवरून दुसरा निघतच नव्हता. ती माहिती मी पुरवली होती.

घरी येताना टॅक्सीत मी त्याला सारे सांगितले. पडल्याचे, तबकडी बदलल्याचे, यादी पाहिल्याचेही. तो खिडकीबाहेर बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे माझे हात चांगले आहेत." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे. 'तोच की दुसरा?' हे मी यंत्राला विचारीत बसलो होतो, आणि नागसेनाचे उत्तर अजूनही मला बरोबर वाटते. पण एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो. नागसेनाने रथाचे भाग वेगळे केले ते राजाच्या देखत, प्रत्येक भागापाशी थांबून, राजाकडून 'नाही' वदवून घेत. मी माझ्या राजाचा रथ त्याच्या पाठीमागे उलगडला आणि पुन्हा जुळवून त्याच्यापुढे उभा केला. तत्त्वज्ञानाचे उत्तर खरे असूनही मी ते खोट्या कामाला जुंपले होते.

पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण मला इथे आठवते. तिथल्या मूर्ती लाकडाच्या. आठ ते एकोणीस वर्षांच्या अंतराने, आषाढ अधिक येईल त्या साली, त्या बदलतात. अलीकडचे नवकलेवर २०१५ साली झाले, त्याआधीचे १९९६ साली. जुन्या मूर्तीच्या गाभ्यातला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात तो रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून, हातांना वस्त्र गुंडाळून. काय ठेवले ते ठेवणाऱ्यालाही दिसत नाही. इतकी गुप्तता, पण तिच्यात फसवणूक मुळीच नाही. देव बदलला हे लाखो लोकांना ठाऊक असते. आणि माझ्या मनाला सर्वांत भिडणारी गोष्ट अशी की, जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारात पुरतात आणि दैतापती सेवक घरचे माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. देव तोच आहे अशी श्रद्धा, आणि तरी गेलेल्या लाकडाचे सुतक. या दोहोंत त्यांना विसंगती वाटत नाही. मला वाटते, 'तोच आहे' असे म्हणण्याचा अधिकार त्या सुतकानेच मिळत असावा.

दादाला मी ते सुतक नाकारले. काय गेले आणि त्याचे किती दुःख करायचे, हा निकाल त्याचा होता. मी तो त्याच्या गैरहजेरीत लावून टाकला. तुम्ही विचाराल, त्याला थरथर जाणवलीच नसती तर काय बिघडले असते? हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा विचारला. कदाचित काहीच बाहेर दिसले नसते. पण खोटे बोलताना, समोरच्याला काय जाणवेल आणि काय नाही याचा अंदाज आपण करीत असतो, आणि माझा अंदाज असा होता की, या वयाच्या माणसाला एवढेसे काही कळणार नाही. त्या पोकळ दयेत केवढा अनादर होता, हे आता उमगते. दुखणाईताशी सर्वकाळ खरेच बोलावे असा दंडक घालण्याइतका मी धीट नाही. माझी समजूत मात्र पार मोडली. प्रेमाने बोललेले खोटे फुकट नसते. त्याची किंमत पडते, आणि बोलणाराला ती द्यावी लागत नाही म्हणूनच ते त्याला निरुपद्रवी वाटते. ज्याच्याशी आपण खोटे बोलतो त्याचे डोळे, कान, बोटे खरेच सांगत राहतात. मग त्या बिचाऱ्याला स्वतःवर तरी अविश्वास दाखवावा लागतो नाही तर आपल्यावर. दादाने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि दोन महिने स्वतःच्या हातांवर ठेवला नाही.

जुनी तबकडी मी टाकली नव्हती. कारागिराने कागदात गुंडाळून दिली होती ती माझ्या टेबलाच्या खणात होती. त्या संध्याकाळी मी ती दादापुढे ठेवली. त्याने कागद सोडला, डबी उलटसुलट करून पाहिली, कानाशी नेऊन हलवली. मग विचारले, "यादीत माणिकबाई पहिल्या होत्या, ते पाहिलंस तू."

"पाहिलं."

"ती लावायची," दादा म्हणाला. वहिनीचे नाव त्याने घेतले नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, "मला अजूनही ते गाणं काही फारसं आवडत नाही."

डबी त्याने चष्म्याच्या घराशेजारी खणात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या आरशापुढे तो स्वतः दाढी करताना दिसला. आयपॉड त्याने परत केला नाही, नवा मागितला नाही. रात्री दिवा मालवल्यावर त्याच्या खोलीवरून गेलो तर यंत्र नेहमीप्रमाणे मुठीत होते. काय लावले होते ते मी विचारले नाही.